शेंगदाण्याच्या ॲलर्जीचे दोन कोड: झेड९१.०१० आणि टी७८.०१एक्सए यांत फरक काय?

तुमचा प्रश्न असा, की अमेरिकेत मुलाच्या तपासणीच्या कागदावर आधी एक कोड (आजार नोंदवण्याच्या तिथल्या आयसीडी-१०-सीएम यादीतली खूण) होता, इमर्जन्सीच्या बिलावर दुसराच आला, चूक कोणाची? बहुधा कोणाचीच नाही.

झेड९१.०१० म्हणजे 'याला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे', एवढीच नोंद. आज काही झालेलं नसलं तरी ती लागते. टी७८.०१ मात्र घडलेल्या प्रसंगाचा कोड आहे: शेंगदाण्यामुळे आलेली ॲनाफिलॅक्सिस, म्हणजे घसा सुजणं, श्वास अडकणं, रक्तदाब कोसळणं. नुसत्या गांधी उठल्या असतील तर तो लावू नये. ॲलर्जीच्या गांधींना एल५०.० आहे. कोळंबीसारख्या कवचधारींनी ॲनाफिलॅक्सिस झाली तर टी७८.०२.

शेवटच्या अक्षरांवर लोक हमखास अडखळतात. टी७८.०१चा पूर्ण कोड सात जागांचा लागतो, म्हणून रिकाम्या जागी 'एक्स' भरतात. त्याला स्वतःचा अर्थ नाही. सातवं अक्षर 'ए' म्हणजे सक्रिय उपचार चालू, 'डी' म्हणजे त्यानंतरची देखरेख, 'एस' म्हणजे मागे राहिलेला परिणाम. 'ए'ला पहिली भेट समजू नका; दुसऱ्या डॉक्टरांकडेही सक्रिय उपचार चालू असतील तर 'ए'च.

आणि दूध पचत नाही म्हणून पोट बिघडणं ही ॲलर्जीच नव्हे. लॅक्टोज न पचण्याला ई७३ हा वेगळाच गट आहे. आपल्याकडे दोन्हींना सर्रास 'दुधाची ॲलर्जी' म्हणतात, आणि फॉर्मवरही तेच उतरतं.

बिलावर टी७८.०१ असेल, पण डॉक्टरांच्या नोंदीत ॲनाफिलॅक्सिसचा उल्लेखच नसेल, तर मात्र बिलिंग विभागाला जरूर विचारा.