कोल्हापुरात ३५०-४०० सीसीच्या तीन गाड्यांची टेस्ट राइड घेतली, तिन्ही आवडल्या. आता निवड कशी करावी?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपण राजारामपुरीत राहता, रोज गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत कामाला जाता, सुट्टीला पत्नीसह गगनबावड्याच्या वाटेवरील गावी जाता आणि आपली उंची पाच फूट चार इंच आहे. रॉयल एनफिल्ड क्लासिक ३५०, होंडा हायनेस सीबी३५० आणि ट्रायम्फ स्पीड ४०० या तिन्ही गाड्यांची टेस्ट राइड घेऊनही आपला निर्णय होत नाही.

तो होणार नव्हताच. शोरूममधून मिळते ती फेरी पाच-सात मिनिटांची आणि बहुधा मोकळ्या, सरळ रस्त्यावरची असते. तशा रस्त्यावर हल्लीची कोणतीही नवी गाडी छानच चालते. मित्रमंडळींबरोबर गाड्या बघायला जाण्याची मला हौस आहे, आणि त्या अनुभवावरून सांगतो की गाड्यांमधला खरा फरक अगदी सावकाश चालवताना आणि दोघे बसून ओव्हरटेक करताना कळतो. त्यामुळे पुन्हा एकदा फेरी मागा, तिन्ही गाड्या शक्यतो एकाच दिवशी आणि एकाच रस्त्यावर चालवा, आणि रस्ता आपण ठरवा.

जाताना लायसन्स आणि स्वतःचे हेल्मेट घ्याच, पण पायात कारखान्यातले सेफ्टी शूज घालून जा. हा मुद्दा कोणी सांगत नाही. लोखंडी टोपीचा जाड बूट गिअरच्या पट्टीखाली सहज जातो की प्रत्येक वेळी पाय वाकडा करावा लागतो, हे चपला घालून कळत नाही. क्लासिक आणि हायनेसला टाचेने गिअर टाकण्याची सोय आहे, स्पीड ४०० ला सगळे काम पुढच्या चवड्यानेच करावे लागते. रोज कामावर जाता-येता हाच बूट पायात राहणार असेल, तर आरपीएमच्या (इंजिन मिनिटाला किती फेरे घेते त्याच्या) आकड्यांपेक्षा ही गोष्ट मोठी ठरते.

गाडी सुरू करण्यापूर्वी टायरमधली हवा आणि चेन बघून घ्या. डेमो गाडीला दिवसभर दहा जण हाताळतात, तिची निगा मात्र फारशी कोणी घेत नाही. हवा जास्त असेल तर गाडी खड्ड्यांत आदळते आणि आपण शॉकअपला नावे ठेवतो; चेन सैल असेल तर सावकाश चालवताना बसणारे झटके इंजिनाच्या नावावर जमा होतात.

आता आकड्यांकडे वळू, कारण फेरीत जे जाणवते त्याचे कारण तिथे आहे. क्लासिकच्या ३४९ सीसी इंजिनाचा बोअर (सिलिंडरचा व्यास) ७२ मिलिमीटर आणि स्ट्रोक (पिस्टन वर-खाली जाण्याचे अंतर) ८५.८ मिलिमीटर आहे. हायनेसचा बोअर ७० आणि स्ट्रोक ९०.५ च्या आसपास; म्हणजे दोन्ही लांब स्ट्रोकची, खालच्या आरपीएमला जोर देणारी इंजिने आहेत. क्लासिकचा २७ न्यूटन मीटर टॉर्क (इंजिनाचा फिरवण्याचा जोर) ४००० आरपीएमला मिळतो, हायनेसचा ३० न्यूटन मीटर ३००० लाच. स्पीड ४०० चा हिशेब नेमका उलटा आहे: बोअर ८९, स्ट्रोक ६४, ४० पीएस ताकद ८००० आरपीएमला आणि ३७.५ न्यूटन मीटर टॉर्क ६५०० ला. कागदावर ती इतर दोघींच्या जवळजवळ दुप्पट ताकदीची आहे, पण ती ताकद हवी असेल तर इंजिन वर फिरवावे लागते, गिअर खाली आणावा लागतो. काहींना त्यातच मजा वाटते, काहींना तो व्याप वाटतो.

आपण कोणत्या गटात मोडता हे गगनबावडा रस्त्यावर लगेच समजेल. गळीत हंगामात फुलेवाडी सोडून बालिंग्याच्या पुढे गेले की दोन ट्रॉल्या जोडलेला उसाचा ट्रॅक्टर पुढे असतोच. त्याच्यामागे आपण चौथ्या गिअरमध्ये चाळीसच्या वेगाने रांगत असतो, मागे पत्नी बसलेली असते, समोरून एसटी येऊन जाते आणि क्षणभर रस्ता मोकळा मिळतो. त्या क्षणी गिअर न बदलता, केवळ अॅक्सिलरेटर पिळून गाडी चाळीसवरून सत्तरवर किती निर्धाराने जाते, हे पाहायचे आहे. ट्रॅक्टरच लागतो असे नाही. मोकळ्या रस्त्यावर हाच वेग धरून तिन्ही गाड्यांवर हा प्रयोग करता येतो. नंतर हाच प्रयोग एक गिअर खाली आणून करा. दुसऱ्या वेळी स्पीड ४०० इतरांना कुठल्या कुठे मागे टाकेल यात शंका नाही. ऐन वेळी गिअर खाली आणण्याची आपल्याला सवय आहे का, हे मात्र आपणच प्रामाणिकपणे ठरवायचे आहे. मागे माणूस बसवल्याशिवाय हा प्रयोग करू नये, कारण एकट्याने केल्यास तिन्ही पास होतात.

सावकाश चालवण्याची परीक्षा महाद्वार रोडच्या गर्दीत घेण्याची गरज नाही, शोरूमच्या मागची गल्ली पुरते. दुसऱ्या गिअरमध्ये क्लच पूर्ण सोडा, अॅक्सिलरेटर पिळू नका आणि गाडी किती कमी वेगात झटके न देता चालते ते पाहा. अरुंद जागेत यू-टर्न घ्या, थांबून न्यूट्रल शोधा, आणि शेवटी इंजिन बंद करून किंचित उतारावरून गाडी पायांनी उलटी मागे ढकला. क्लासिकचे वजन १९५ किलो, हायनेसचे १८१, आणि स्पीड ४०० चे १८० च्या आत आहे. सीटची उंची तिन्हींची ८०० मिलिमीटरच्या आसपास असल्याने कागदावर फरक नगण्य दिसतो. पण रुंद सीटवर मांड्या फाकतात आणि पाय तेवढेच वर राहतात. म्हणून दोन्ही टाचा टेकतात की नुसते चवडे, हे बसूनच पाहावे.

उष्णतेचा अंदाज छोट्या फेरीत येत नाही. क्लासिक आणि हायनेस हवेने थंड होणाऱ्या आहेत. स्पीड ४०० ला रेडिएटर आहे, त्याचा पंखा सिग्नलला थांबल्यावर सुरू होतो आणि गरम हवा पायांकडे येते. त्यामुळे गाडी चांगली तापेपर्यंत चालवा आणि मग दोन-तीन मिनिटे उभ्या जागी सुरू ठेवा. सेल्समनचा चेहरा थोडा उतरेल, त्याला इलाज नाही.

किमतीबाबत एवढेच लक्षात घ्या की २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या गाड्यांवरील जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आणि त्यावरील गाड्यांचा सेससह असलेला ३१ टक्क्यांचा कर ४० टक्के झाला. तेव्हा जुन्या किमतींवरून केलेली तुलना उपयोगाची नाही. तिन्हींचे ऑन-रोड कोटेशन लेखी घ्या आणि त्यात पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा धरला आहे का ते तपासा.

आपण सांगितलेल्या वापरासाठी मी हायनेस घेईन. क्लासिकपेक्षा ती १४ किलोंनी हलकी आहे, तिचा जोर अगदी खालून मिळतो, आणि आपल्या उंचीला पार्किंगमधून गाडी काढताना हा फरक रोज जाणवेल. क्लासिकच्या बाजूने मोठा मुद्दा असा की तिचे काम जाणणारे मिस्त्री आपल्या उद्यमनगरात सहज सापडतात. स्पीड ४०० तिघींत सर्वांत चपळ आहे आणि आपण बहुतेक वेळा एकटे फिरत असता तर मी तिचेच नाव घेतले असते. पण तिची मागची सीट आखूड वाटते. म्हणून पुढच्या फेरीला पत्नीला बरोबर न्या, त्यांना प्रत्येक गाडीवर मागे बसवून निदान पंधरा मिनिटे फिरवा, आणि क्लासिक व हायनेस यांत तरीही अडलात तर त्यांचे मत अंतिम माना.