पुरण झालं, हे कसं कळतं?

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

मराठी खाण्यावरच्या खेळांच्या आणि अ‍ॅपच्या कल्पनांची तुझी यादी दोनदा वाचली. वडापावच्या गाडीचा खेळ, जवळची मिसळ शोधणारं अ‍ॅप, कॅलरी मोजणारं अ‍ॅप, मोदकांचा कँडी क्रश. मेहनत घेतली आहेस, पण वडापावच्या जागी बर्गर ठेवला तरी तुझा खेळ तसाच चालतो. माझी मुख्य हरकत हीच आहे.

पदार्थाच्या नावापासून सुरुवात करू नकोस. स्वयंपाक करणाऱ्याला जिथे स्वतःच्या अंदाजाने ठरवावं लागतं, ती जागा आधी शोध.

पुरणाचंच बघ. हरभऱ्याची डाळ शिजवून कट काढला आणि गूळ घातला, की ते आधी पातळ होतं, मग हळूहळू आटत जातं. झालं की नाही ते घड्याळ सांगत नाही. पुरणात उलथनं उभं करून बघतात, ते उभं राहिलं की गॅस बंद. घाईने उतरवलं तर पोळी लाटताना फुटते, फार आटलं तर पुरण कोरडं पडून कडेपर्यंत पसरत नाही. यात खेळ आहे! टायमर ठेवूच नकोस. रटरटण्याचा आवाज जड होत जाऊ दे, बोटाने ढवळताना फोनची थरथर वाढू दे, आणि थांबायचं कधी ते खेळणारीला ठरवू दे. काढलेला कट पुढच्या पातळीवर कटाच्या आमटीला लागेल. आता इथे बर्गर ठेवून बघ, जमणार नाही.

२०२३ साली आलेला 'वेन्बा' (Venba) हा व्हिडिओ गेम जरूर खेळ. कॅनडात गेलेल्या तमिळ कुटुंबाची गोष्ट आहे. आईच्या पाककृतींची वही फाटली आहे, अक्षरं पुसली गेली आहेत, त्यामुळे इडलीपात्र कसं रचायचं इथपासून खेळणाऱ्याला शोधावं लागतं. २०१६ चा 'ओव्हरकुक्ड' अगदी वेगळा. त्यातले पदार्थ साधे आहेत, गंमत आहे ती अडचणीच्या स्वयंपाकघरात चौघांनी एकमेकांच्या पायात न येता काम उरकण्यात. आपल्याकडे लग्नघरी पंगत वाढणाऱ्यांची तारांबळ पाहिली आहेस ना? तीही लिहून ठेव.

अ‍ॅपसाठी मी मेसमध्ये जाऊन बसेन. पुण्यात स्पर्धा परीक्षांसाठी आलेली मुलं महिन्याचे पैसे भरून जेवतात आणि गावी जाताना खाडा सांगतात. कोणी फोनवर सांगतं, कोणी व्हॉट्सअ‍ॅपवर, कोणी जिन्यात. मेस चालवणाऱ्या काकूंच्या वहीत तो लागतोच असं नाही, मग महिनाअखेरीला हिशेबावरून वाद होतात. शिवाय किती कणीक मळायची हे अंदाजानेच, म्हणून पोळ्या उरतात किंवा कमी पडतात. मुलांना 'आज खाडा' एवढं एक बटण दे आणि काकूंना आजच्या ताटांचा एक मोठा आकडा. त्यांचे हात कणकेत असतात, तेव्हा तो आकडा फोनने मराठीत बोलून दाखवावा. खाडा किती वाजेपर्यंत सांगायचा ते काकूच ठरवतील, तू ठरवू नकोस. डेन्मार्कमध्ये सुरू झालेलं 'टू गुड टू गो' हे अ‍ॅप असंच एका वेळेवर उभं आहे: दुकान बंद होताना उरलेलं अन्न स्वस्तात विकायचं. तुझ्यासाठी ती वेळ म्हणजे कणीक मळायच्या आधीची.

कॅलरीचं अ‍ॅप मी सोडून देईन. घरोघरी वाटी वेगळी, फोडणीचं तेल कोणी मोजत नाही, आणि पडद्यावर मात्र अगदी नेमका आकडा. तो खोटा दिलासा मला पटत नाही.

लगेच लॅपटॉप उघडू नकोस. स्वयंपाकाचा हात बसलेल्या तिघीचौघींना भेट आणि "झालं, हे कसं ओळखता?" एवढंच विचार. वासावरून, कडेने सुटणाऱ्या तेलावरून, हाताला लागणाऱ्या चिकटपणावरून, काय म्हणतील ते त्यांच्याच शब्दांत टिपून घे. त्यातली एक खूण निवड, कागदाच्या चिठ्ठ्यांवर खेळ मांड आणि तो बहिणीला खेळायला दे. नियम समजावून सांगायला लागलीस तर चिठ्ठ्या बदल.

मेसवाल्या काकूंना दुपारची गर्दी ओसरल्यावर गाठ. आणि मोदकांचा कँडी क्रश यादीतून आजच काढ.

तुझे,
सर