हवेचं भाडं कशाला भरायचं?

प्रश्न : ताई, मी क्रोशाची खेळणी विणून ऑनलाइन विकते. अस्वलं, ससे, हत्ती. महिन्याला पंचवीस-तीस ऑर्डरी असतात. टपालाचे दर पुन्हा वाढले आणि आता एका अस्वलाचं पार्सल पाठवायला विक्रीच्या किमतीच्या जवळजवळ तिसरा हिस्सा जातो. गिऱ्हाईक अस्वल कार्टमध्ये टाकतं आणि डिलिव्हरी चार्ज दिसला की निघून जातं. माझं एक अस्वल ३४० ग्रॅमचं. ते ३० × २५ × २० सेंटिमीटरच्या खोक्यात, खाली-वर कागदाचा चुरा घालून पाठवते. किंमत वाढवून ‘डिलिव्हरी मोफत’ असं लिहावं का? आणि ही दरवाढ मुळात बरोबर आहे का?

उत्तर : तुम्ही खोक्याची मापं लिहिलीत, फार बरं केलंत. बहुतेक पत्रांत वस्तूचं वजन असतं, खोक्याचं माप नसतं. दर खोक्याला लागतो, अस्वलाला नाही.

आधी वजन बघू. अस्वल ३४० ग्रॅम. या मापाचा जाड पुठ्ठ्याचा खोका दोनशे ग्रॅमच्या आसपास भरतो, वर कागदाचा चुरा आणि चिकटपट्टी. म्हणजे पार्सल सहाशेच्या घरात गेलं. दर टप्प्याटप्प्याने लागतात. पाचशे ग्रॅमच्या वर एक ग्रॅम गेला तरी पुढच्या टप्प्याचे पैसे. तुम्ही अस्वलाच्या नव्हे, पुठ्ठ्याच्या वजनामुळे वरच्या टप्प्यात आहात.

आता कुरिअरचा हिशेब. बऱ्याच आंतरराष्ट्रीय कुरिअर कंपन्या लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ५००० ने भागतात आणि येणारा आकडा किलोमध्ये धरतात. हे व्हॉल्युमेट्रिक, म्हणजे घनफळी वजन. ते आणि खरं वजन यांत जे जास्त, त्याचे पैसे घेतात. तुमचा खोका १५,००० घनसेंटिमीटर, म्हणजे ३ किलो. ३४० ग्रॅमच्या अस्वलाला ३ किलोचं भाडं! पोस्टाच्या लहान पाकिटांच्या सेवेत अनेक देशांत अजून खऱ्या वजनावर दर लागतो. आंतरराष्ट्रीय टपालात या पाकिटाला २ किलोची मर्यादा असते, तिन्ही मापांची बेरीज ९० सेंटिमीटरच्या आत लागते आणि कुठलीही एक बाजू ६० च्या वर चालत नाही. तुमचं अस्वल यात आरामात बसतं.

मग खोका हवाच कशाला? अस्वल फुटत नाही. त्याला ओल लागू नये आणि धूळ बसू नये, एवढंच बघायचं. आतून एक पारदर्शक पिशवी, बाहेरून जाड, फाटणार नाही असं कुरिअरचं पाकीट. अस्वल आडवं झोपवा, पाय पोटाशी घ्या. २८ × २० × १० मध्ये मावलं तर घनफळी वजन १.१२ किलोवर येईल आणि खरं वजन चारशेच्या आत. डोळे प्लॅस्टिकचे असतील तर त्यांवर कापसाची घडी ठेवा, घासून चरे पडतात. ज्यांना खोक्यातच भेट द्यायची आहे त्यांच्यासाठी खोक्याचा पर्याय वेगळा ठेवा, वेगळ्या दराने.

हे मी अनुभवावरून सांगते आहे. मी बारा वर्षं हाताने शिवलेल्या वह्या टपालाने पाठवते आहे. एका दरवाढीनंतर दोन महिने प्रत्येक पार्सलचं वजन वहीत लिहून ठेवलं. एकसष्ट पार्सलं होती, आणि त्यांतली एकोणीस टप्प्याच्या वर गेली होती ती चाळीस ग्रॅमपेक्षाही कमी फरकाने. कोपरे दुमडू नयेत म्हणून दोन्ही बाजूंना जाड पुठ्ठा घालत होते. तो एकाच बाजूला घातला आणि कोपऱ्यांना पुठ्ठ्याचे त्रिकोण लावले, तेव्हा एकोणीसपैकी सोळा खालच्या टप्प्यात आली. घरात एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा वजनकाटा ठेवा. काउंटरवर गेल्यावर कळून उपयोग नाही.

‘मोफत’ लिहावं का? माझं मत, लिहू नका. डिलिव्हरी किमतीत मिसळली की जवळचं गिऱ्हाईक लांबच्या गिऱ्हाइकाचं भाडं भरतं. आणि जो दोन खेळणी घेतो तो दोनदा टपालखर्च देतो, पार्सल मात्र एकच जातं. तुमचं सगळ्यात चांगलं गिऱ्हाईक तेच, आणि नेमकं त्यालाच जास्त पैसे पडतात. डिलिव्हरीचा आकडा अस्वलाच्या किमतीशेजारी, पहिल्याच पानावर लिहा. लोक खर्चाने जितके बिथरतात त्याहून जास्त तो शेवटी अचानक समोर आला की बिथरतात. खाली एक ओळ घाला : दुसरं खेळणं त्याच पार्सलमध्ये घेतलंत तर वाढीव खर्च इतकाच. तो आकडा अंदाजाने नको, दोन खेळणी एका पाकिटात घालून वजन करून काढा.

राहिला दरवाढ बरोबर आहे का, हा प्रश्न. कारण खरं आहे. १८४० साली ब्रिटनमध्ये टपालसुधारक रोलंड हिल यांच्या योजनेतून अंतर न बघता वजनावर एकच स्वस्त दर आला. तो परवडायचा, कारण पत्रं ढिगाने असत आणि पोस्टमनच्या एका फेरीचा खर्च त्या सगळ्यांत वाटला जाई. आता पत्रं आटली, फेरी तेवढीच राहिली. डेन्मार्कच्या टपाल कंपनीने तर २०२५ च्या अखेरीस पत्रं वाटणंच थांबवलं. फेरीचा खर्च पार्सलांवर येतो, आणि पार्सल जागाही जास्त अडवतं.

पण तो खर्च सगळ्यांवर सारखा पडत नाही, आणि याचा मला राग आहे. महिन्याला हजारो पार्सलं देणारा विक्रेता बसून दर ठरवून घेतो. तुम्ही-मी काउंटरवरचा पूर्ण दर भरतो. म्हणून ओळखीतल्या तीन-चार विक्रेत्यांनी मिळून एक व्यावसायिक खातं उघडता येतं का, हे टपाल कचेरीत आणि कुरिअरकडे जरूर विचारा. नियम नीट वाचा, पार्सल कोणाच्या नावावर जाणार आणि हरवलं तर भरपाई कोणाला मिळणार, हे आधी लिहून घ्या. तुम्ही ज्या विक्री-मंचावर आहात तिथे सवलतीच्या दरात लेबल मिळत असेल तर तोही दर ताडून बघा.

प्रश्न : परदेशातली एक गिऱ्हाईक म्हणते, कस्टम्सच्या फॉर्मवर ‘भेटवस्तू’ लिहा आणि किंमत कमी दाखवा, म्हणजे मला कर लागणार नाही. लिहू का?

उत्तर : नाही. विकलेली वस्तू भेट म्हणून लिहिणं ही खोटी नोंद आहे आणि फॉर्मवर सही तुमची असते. शिवाय पार्सल हरवलं तर भरपाई मागताना तुम्हीच लिहिलेली कमी किंमत तुमच्या आड येते. गिऱ्हाइकाची अडचण मात्र खरी आहे. अमेरिकेत ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलांना आयातकराची सूट होती, ती २९ ऑगस्ट २०२५ पासून सगळ्याच देशांसाठी बंद झाली. तिला ऑर्डर घेण्याआधीच कळवा की कर तिच्या देशाच्या नियमाने लागेल आणि तो तिच्याकडे आहे की तुम्ही आधी भरणार आहात. फॉर्मवर ‘खेळणी’ एवढंच लिहू नका. ‘सुती धाग्याचं हाताने विणलेलं खेळणं, १ नग’ असं लिहा, खरी किंमत आणि मालाचा सहा अंकी एचएस कोड (कस्टम्ससाठी मालाचा प्रकार सांगणारा आकडा) द्या. त्रोटक वर्णनाची पार्सलं कस्टम्समध्ये अडकून पडतात.