नवा फोन, पहिला आठवडा आणि बॅटरी

दादा, नव्या फोनची बॅटरी लवकर उतरते म्हणून दोन दिवसांत तिला नावं ठेवू नका. जुन्या फोनमधला डेटा आणल्यावर सुरुवातीचे काही दिवस नवा फोन आतल्या आत राबत असतो: ॲप अपडेट होतात, फोटोंची छाननी होते, बॅकअप चालतो. रात्री वायफायवर चार्जिंगला लावून ठेवा, काम लवकर उरकेल.

त्यानंतरही चार्जिंग टिकेना, तर सेटिंग्जमध्ये ‘बॅटरी’ उघडून कोण किती टक्के खातंय ते बघा. मोबाइल नेटवर्क वरच्या नंबरला दिसलं तर संशय रेंजवर घ्या. साताऱ्यातल्या पाटण, कोयनानगर, बामणोलीकडे डोंगराआड टॉवर लांब पडतो. मग फोन जास्त ताकदीने सिग्नल सोडतो, फाइव्हजी शोधत राहतो आणि तापतो. तिथे नेटवर्क फोरजीवर ठेवा. रेंज अजिबातच नसेल तर सरळ फ्लाइट मोड. दोनपैकी एका सिमला रेंज नसेल तर तेवढं सिम बंद करा. हे बहुतेक जण विसरतात.

ॲप सारखी सरकवून बंद करू नका, पुन्हा उघडताना उलट जास्त बॅटरी जाते.

८० टक्क्यांवर चार्जिंग थांबवायची सोय असेल तर चालू करा. लिथियम-आयन बॅटरीला सतत पूर्ण भरलेलं राहणं आणि उष्णता, दोन्ही बाधतात. म्हणून एप्रिल-मेच्या उन्हात गाडीच्या हँडलवर नकाशा आणि चार्जिंग एकत्र चालवणं टाळाच.