आर्ट स्कूलला न गेलेला कलाकार खरंच एकट्याने शिकतो का?
नाही, मला तरी नाही वाटत. सिंधुदुर्गात आमच्याकडे गणपतीच्या शाळेत, म्हणजे मूर्ती घडवतात त्या कारखान्यात, जाऊन बघा, पोरं संध्याकाळी येऊन बसतात, आधी माती मळायची, मग हातापायांची जोडणी, पॉलिश पेपर, पांढरा रंग, आणि डोळ्यांची आखणी मात्र मुख्य मूर्तिकारच करणार, ती वर्षानुवर्षं नुसती बघायची. समोर बसवून कुणी शिकवत नाही, पण चुकलं की लगेच कुणीतरी ओरडतंच! अमेरिकन समाजशास्त्रज्ञ हॉवर्ड बेकरने १९८२ मध्ये हेच मांडलं, की कलाकृतीमागे मदतनीस, सामान पुरवणारे, गिऱ्हाईक असे सगळे असतात. डिग्री नाही म्हणून अशांना 'हौशी' म्हणणं तर मला अजिबात पटत नाही. आमच्याच जिल्ह्यातल्या पिंगुळी गावची चित्रकथी, म्हणजे चित्रं दाखवत गोष्ट सांगायची कला, ठाकर समाजात घराघरातच शिकली गेली, आणि तिथल्याच परशुराम गंगावणेंना २०२१ ला पद्मश्री जाहीर झाली.