लॉकडाऊन मला आवडला होता, हे कोणाला सांगू?

प्रिय मावशी,

मी गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या एका गावात राहते. पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे. आमच्या कॉलेजच्या वार्षिक अंकासाठी लॉकडाऊनच्या दिवसांवर लेख मागवले होते. मी पाच पानं लिहिली. सरांना ती फार आवडली, पण माझ्याने ती छापायला देववत नाहीत. लेख सोबत जोडते आहे.

खरं सांगायचं तर मला ते दिवस आवडले होते. २०२० च्या मार्चमध्ये मी दहावीत होते. बाबा कळंगुटला एका हॉटेलात स्वयंपाकी. पंधरा दिवसांतून एकदा घरी यायचे, तेही झोपायला. लॉकडाऊन लागला तेव्हा ते घरी आले आणि दिवाळीपर्यंत राहिले. पगार बंद होता, काजूबियांना भाव नव्हता, तरी आम्ही दोघं रोज पहाटे बागायतीत जायचो. पुढे पावसाळ्यात अकरावीचे ऑनलाइन वर्ग सुरू झाले. घरात रेंज नाही, म्हणून मी आणि आमच्याच वाड्यावरची माझी मैत्रीण डोंगरावर जायचो. दोघींत एक फोन आणि तिच्या बाबांची मोठी काळी छत्री.

पुढच्या वर्षी मे महिन्यात तिचे बाबा कोरोनाने गेले. वाड्यावरचं कोणीच त्यांच्याकडे गेलं नाही. मला आईने जाऊ दिलं नाही. तीन दिवसांनी तौक्ते वादळ आलं, वीज गेली, फोन बंद पडला. वीज आल्यावर मी ‘बाबांच्या आत्म्यास शांती लाभो’ एवढं पाठवलं. तिने जोडलेल्या हातांची खूण पाठवली. त्यानंतर आमचं बोलणं झालेलं नाही. बारावी कशीबशी करून ती पिसुर्ल्याला कारखान्यात लागली. वाळपईच्या बसस्टँडवर दिसते. मी मोबाइलमध्ये डोकं घालते. मी मजेत होते आणि तिच्या घरात असं झालं, याची लाज वाटते. रात्री झोप लागत नाही. लेख छापू की फाडून टाकू?

– सत्तरीतली एक वाचक

*

बाय,

तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि लेख तीनदा. लेख चांगला आहे. बाबा बोंडूची बी एका हाताने कशी पिरगळून काढतात, आणि तू तशी काढायला गेलीस तेव्हा रस कोपरापर्यंत कसा ओघळला, ते वाचताना माझ्या नाकात काजूचा वास आला. हॉटेलात शंभर माणसांचं रांधणारा माणूस घरच्या चुलीपुढे बसतो आणि मीठ किती घालायचं ते बायकोला विचारतो, हे वाचून मी थोडा वेळ कागद बाजूला ठेवला. गोव्यात अशी किती घरं आहेत! कोणाचा बाप हॉटेलात, कोणाचा बोटीवर, कोणाचा आखातात. मुलं मोठी होतात आणि बाप सणाला पाहुण्यासारखा येऊन जातो. तुझा बाप तुला पंधराव्या वर्षी सात-आठ महिने सलग मिळाला. त्याची लाज बाळगू नकोस. तू कोणाच्या वाट्याचं काही घेतलेलं नाहीस.

आता एक गोष्ट नीट बघ. आपण सगळेच हल्ली ‘कोरोनाच्या काळात’ असं म्हणतो आणि दोन वर्षं एकाच पिशवीत कोंबतो. पण ते दोन वेगळे काळ होते. २५ मार्च २०२० ला गोव्यात पहिले तीन रुग्ण सापडले. पुढे ते सात झाले आणि एप्रिल संपायच्या आत सातही बरे होऊन घरी गेले. १ मेला आपल्या दोन्ही जिल्ह्यांची नावं रुग्ण नसलेल्या जिल्ह्यांच्या हिरव्या यादीत होती. हाल झाले नाहीत असं नाही. सुरुवातीला किराणासुद्धा मिळेना, मासळीबाजार ओस पडले, पुरुमेताच्या, म्हणजे पावसाळ्यासाठी साठवलेल्या, डब्यातले खारे बांगडे काढून लोकांनी दिवस रेटले. मजुरांचे तर फारच हाल झाले. पण तुझ्या वाड्यावर त्या उन्हाळ्यात कोणी मेलं नव्हतं. २१ मेला तू तोंडाला मास्क लावून दहावीचा पहिला पेपर दिलास आणि तुझी मैत्रीणही तोच पेपर लिहीत होती.

२०२१ चा मे वेगळा. त्या महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात, पंधराएक लाख वस्तीच्या आपल्या गोव्यात, रोज पन्नास किंवा त्याहून जास्त माणसं जात होती. लोक प्राणवायूच्या सिलिंडरसाठी रात्रभर फोन फिरवत होते. ९ मेला संचारबंदी लागली, १६ला वादळ आलं. तुझ्या मैत्रिणीचं दुःख त्या मे महिन्यातलं आहे. तुझा आनंद त्याच्या आधीच्या वर्षातला आहे. तिचे बाबा तडफडत होते तेव्हा तू बागायतीत हसत नव्हतीस. लाजेपायी तू दोन्ही एकावर एक ठेवलंस आणि स्वतःला गुन्हेगार ठरवून मोकळी झालीस.

तरीही तुला झोप लागत नाही. कारण लाज खरी आहे, फक्त तू ती भलत्या जागी चिकटवली आहेस. तुझ्या लेखातली डोंगरावरची पानं मी परत परत वाचली. पायाला लागलेल्या जळवा आहेत, तंबाखूचं पाणी आहे, दगडावर उभं राहिलं की येणारी आणि बसलं की जाणारी रेंज आहे, हजेरी घेताना ‘प्रेझेंट सर’ असं ओरडल्यावर खालच्या शेतातल्या माणसाने वर बघणं आहे. सगळं आहे. पण त्या डोंगरावर तू एकटी आहेस. पत्रात ‘आम्ही दोघी’, लेखात ‘मी’. पहिल्या पानापासून पाचव्यापर्यंत मी शोधलं. ती कुठेच नाही. सरांना हे कळणार नाही, तुला मात्र कळतंय, आणि माझ्या मते लेख तुझ्या हातातून सुटत नाही तो यामुळेच.

ती आली की तिच्या बाबांचं मरण येणार, म्हणून तू तिला वगळलंस. मला कळतं ते. पण तिला काढलंस तेव्हा तिचा आनंदही काढलास. ती त्या डोंगरावर तुझ्याइतकीच हसली असेल ना? तिचे बाबा तेव्हा होते. मुली भिजतील म्हणून त्यांनी आपली छत्री दिली आणि स्वतः बहुतेक डोक्यावर प्लास्टिक घेऊन शेतात गेले असतील. त्या पावसाळ्यातले तिचे बाबा तिच्याव्यतिरिक्त आणखी कोणी जवळून पाहिले असतील, तर ते तू.

मरणाच्या घरी आपण का जातो, याचा तुमच्या पिढीने फारसा विचार केला नसेल. तसं वयही नव्हतं. आपल्याकडे माणूस गेलं की त्या घरात चूल पेटत नाही. शेजारून पेज येते, कोणी लोणचं आणतं, कोणी पाणी भरतं. बाया ओसरीवर बसतात. येणारा प्रत्येकजण एकच विचारतो, ‘कसं झालं?’ आणि घरातलं माणूस पहिल्यापासून सांगतं. ताप कधी आला, दवाखान्यात कधी नेलं, शेवटचं काय बोलले. दुसरी येते, पुन्हा पहिल्यापासून. लहानपणी मला हे क्रूर वाटायचं, एखाद्याला दहा दिवस तेच तेच सांगायला लावणं. पण सांगून सांगूनच ते सोसण्याजोगं होतं. तुझ्या मैत्रिणीच्या घरी एकदाही कोणी विचारलं नाही. माणूस गाडीतून गेला, गुंडाळलेला परत आला की तोही नाही, आणि ओसरी रिकामी. त्यावर वादळ, अंधार. तिने ते सगळं पहिल्यापासून कोणाला सांगितलं असेल?

माझ्या थोरल्या बहिणीला सावंतवाडीला दिलं होतं. एप्रिल २०२० मध्ये ती गेली, कोरोनाने नव्हे, हृदयाने. मी फोंड्यात. मध्ये पत्रादेवीची सीमा, बंद. एरवी सकाळी जाऊन संध्याकाळी परतण्याचा रस्ता. सप्टेंबरमध्ये सीमा उघडली, तरी मला निघायला महिना लागला. खरं म्हणजे भीती आजाराची नव्हती. एवढ्या उशिरा कोणत्या तोंडाने जायचं, ही होती. गेले. भाचेसुनेने पाणी दिलं, चहा टाकला. मी म्हटलं, ‘कसं झालं गं?’ तिने गॅस बंद केला, आत गेली आणि माझ्या बहिणीचा चष्म्याचा डबा घेऊन आली. तो मांडीवर ठेवून ती दीड तास बोलली. आदल्या रात्री कुळथाची पिठी आणि अर्धी भाकरी खाल्ली होती, उरलेली अर्धी सकाळी खाते म्हणाली होती, ती झाकलेली अर्धी भाकरी तिसऱ्या दिवशी सापडली. चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली होती, तो दोरा मीच कधीतरी बांधून दिला होता. चहा राहिलाच. निघताना ती म्हणाली, ‘मावशी, मला वाटलं आता कोणी विचारायचं नाही.’ उशिरा आल्याबद्दल तिने मला एक शब्द बोलला नाही. तुझी मैत्रीण बोलेल कदाचित. बोलू दे.

तर तू जा. दुखवट्याला जा, चार वर्षं झाली असली तरी.

रविवारी जा, तिला कारखान्याची सुट्टी असेल त्या दिवशी. आधी लांबलचक मेसेज पाठवू नकोस, तिला उत्तर जुळवत बसावं लागेल. बसस्टँडवर भेट झाली तर मोबाइल पिशवीत टाक आणि एवढंच विचार, ‘रविवारी घरी आहेस? येते.’ मिठाईचा पुडा नेऊ नकोस. घरचं काही ने: नीरफणस, ओल्या काजूंचा वाटा, जे दिवसात असेल ते. आधी तिच्या आईजवळ बस. तू का आली नव्हतीस याचं स्पष्टीकरण एका वाक्यात संपव. ‘तेव्हा यायला हवं होतं, आले नाही’, बस. तुझ्या आईचं नाव काढू नकोस. तेव्हाची भीती खरी होती, प्रत्येक घरात म्हातारं माणूस होतं, आणि एका आईने मुलीला उंबऱ्याआत ठेवलं यात अपराध नाही. रडू आलं तर येऊ दे, पण तिलाच तुझी समजूत काढावी लागेल असं करू नकोस. मग विचार, कसं झालं. आणि ती बोलली नाही तर बस थोडा वेळ आणि पुन्हा कधीतरी जा. एका खेपेत होईलच असं नाही.

छत्रीची आठवण काढ. नक्की काढ. ती आठवण तुझ्याकडे आहे आणि तिला हवी असेल.

लेखाचं त्या दिवशी बोलू नकोस. तू परवानगी मागायला आलीस असं तिला एक क्षणही वाटता कामा नये. पुढे दोन-चार भेटी झाल्या, तुटलेलं थोडं सांधलं, तर लेख तिला वाचायला दे. ती म्हणाली मला यात घालू नकोस, तर मग तो लेख अंकाला देऊ नकोस. डोंगर काढून बाबांचा आणि काजूचा भाग तेवढा दे, तो एकटा उभा राहतो. ती हो म्हणाली, तर तिला जशी होती तशी आण, हसणारी. सरांना बरं वाटावं म्हणून शेवटी ‘या महामारीने अनेकांचे आप्त हिरावले’ असा परिच्छेद जोडू नकोस. भाजीवर कोथिंबीर पेरावी तसं दुःख पेरायचं नसतं. अंकाची मुदत या सगळ्यात निघून गेली तर जाऊ दे. पुढच्या वर्षी तू त्या कॉलेजात नसशील, पण लेख तुझाच राहील.

झोपेचं मात्र लांबणीवर टाकू नकोस. भेटून आल्यावरही रात्री तशाच जात असतील तर १४४१६ या टेली-मानसच्या क्रमांकावर फोन कर. ही सरकारची मोफत सेवा आहे, मराठीत बोलता येतं, आणि तिथे बोलायला मोठा आजारच असावा लागतो असं नाही. मैत्रिणीलाही तो नंबर दे, पण पहिल्या भेटीत नको.

शेवटी लेखातली एकच दुरुस्ती, ती आजच कर, छापणार असशील किंवा नसशील. तिसऱ्या पानावर वरून चौथ्या ओळीत तू लिहिलं आहेस, ‘माझी काळी छत्री वाऱ्याने उलटी झाली.’ तिथे ‘माझी’ खोड आणि ती कोणाची होती ते लिही.

– मावशी