देवगिरीची आख्यायिका पडद्यावर आणताना

लहानपणी वाचलेल्या चित्रकथेवरून देवगिरीच्या वेढ्यावर लघुपट करण्याचा तुमचा विचार चांगला आहे. मात्र १२९६ मधील अलाउद्दीन खिलजीच्या स्वारीचा सगळा पसारा मांडू नका. धान्य समजून किल्ल्यात आणलेल्या पोत्यांत मीठ निघाले, ही एक आख्यायिका पुरेशी आहे. सुतळी उसवणारा हात, चिमूटभर जिभेवर ठेवून थबकलेला कोठावळा, एवढ्यावर प्रसंग उभा राहतो आणि हत्तीघोड्यांचा खर्च वाचतो. (गडावरची मेंढा तोफ पुष्कळ नंतरची आहे, ती चौकटीत येऊ देऊ नका.) आख्यायिकेवर कोणाची मालकी नसते, चित्रकथेवर असते, १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार ती रचणाऱ्याच्या मृत्यूनंतरही ६० वर्षे हक्क टिकतो. त्यामुळे त्या चित्रकथेतील यादव राजा रामदेवरायाचे रूप हुबेहूब हवेच असेल, तर पटकथेला हात घालण्यापूर्वी हक्कधारकाची लेखी परवानगी घ्या.